गुहेतला वाघ, मांडीवरचे अस्वल

दिवाळीच्या किल्ल्यात वाघ कुठे ठेवायचा, यावरून मुलांत सहसा भांडण होत नाही. महाराज सर्वांत वर सिंहासनावर, मावळे बुरुजांवर, गवळण पायथ्याच्या वाडीत आणि वाघ गुहेत. विटा रचून, त्यावर पोती टाकून मातीचा लेप द्यायला सुरुवात होते, तेव्हाच गुहेची जागा राखून ठेवलेली असते. उतारावर अळीव किंवा मोहरी पेरली जाते, चार दिवसांत तिचे रान होते. खाली एखाद्या परातीत तळे केले जाते. मग कुंभाराकडून आणलेली चित्रे मांडली जातात. त्यांतला वाघ बहुधा मावळ्याच्या दीडपट मोठा असतो, त्याच्या मिश्या कानापर्यंत गेलेल्या असतात, पण या प्रमाणदोषाबद्दल कुणाची तक्रार नसते.

या खेळात एक क्रम आहे आणि या लेखाचा विषय त्या क्रमाशी जोडलेला आहे. मुले आधी डोंगर, गुहा, रान आणि पाणी करतात. प्राणी त्यानंतर येतो. बाजारातल्या प्राण्यांच्या खेळण्यांचा क्रम याच्या उलटा असतो. तिथे अस्वल मिळते, त्याचे जंगल मिळत नाही. वन्यजीवांविषयी मुलांच्या मनात आस्था निर्माण व्हावी म्हणून आज जगभर बाहुल्या आणि खेळणी वापरली जातात. सव्वाशे वर्षांच्या या प्रथेचा इतिहास पाहताना एक प्रश्न सतत समोर येतो: प्राण्याला त्याच्या जागेवरून उचलून मुलाच्या हातात दिले, की मुलाची माया त्या जागेपर्यंत पोहोचते का?

प्रवरेकाठचा गेंडा

प्राण्यांच्या प्रतिमा घडवण्याचा छंद आपल्याकडे फार जुना आहे. हडप्पा संस्कृतीच्या उत्खननांत मातीचे बैल, चाकांच्या गाड्या आणि पक्ष्यांच्या आकाराच्या शिट्ट्या मिळाल्या आहेत. आपल्या श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली चार ब्राँझ वस्तू सापडल्या: बैल जोडलेला रथ व त्यावर उभा सारथी, एक रेडा, एक हत्ती आणि एक गेंडा. बहुतेक अभ्यासक त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानतात. त्यांना चाके आहेत, म्हणून त्या खेळण्यांसारख्या दिसतात. पण चौघांचे मिळून वजन साठ किलोंच्या वर भरते, तेव्हा त्या पोरांच्या हातातल्या नक्कीच नव्हत्या. त्या मिरवणुकीच्या होत्या की पूजेच्या, हा वाद इथे बाजूला ठेवू.

लक्ष वेधून घेतो तो गेंडा. आज एकशिंगी गेंडा पाहायचा तर आसाम, उत्तर बंगाल किंवा तराईचा पट्टा गाठावा लागतो. प्रवरेच्या खोऱ्यात उसाची शेती आहे. गेंड्याची मूर्ती टिकली आणि आसपास गेंडा राहिला नाही. प्राण्याची प्रतिमा जपणे आणि प्राणी जपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला एवढे उदाहरण पुरे आहे. पण अगदी अलीकडच्या काळात, कागदोपत्री पुराव्यांसह हेच घडताना पाहायचे असेल, तर अमेरिकेतल्या एका अस्वलाची गोष्ट सांगावी लागते. तिचा अर्धा भाग सगळ्यांना ठाऊक आहे.

टेडीची उरलेली गोष्ट

ठाऊक असलेला भाग असा. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट शिकारीला गेले. समोर आलेल्या अस्वलाला मारण्याचे त्यांनी नाकारले. त्यावर व्यंगचित्र निघाले, व्यंगचित्रावरून खेळणे निघाले आणि ‘टेडी’ या लाडक्या नावाने ‘टेडी बेअर’ जन्माला आले.

आता उरलेला भाग. ही शिकार १९०२ च्या नोव्हेंबरात मिसिसिपी राज्यात, ऑनवर्ड नावाच्या छोट्या गावाजवळ झाली. शिकारीची सूत्रे होल्ट कॉलियर या वाटाड्याकडे होती. तो कृष्णवर्णीय होता आणि गुलामगिरीत जन्मलेला होता. त्या भागातल्या दलदलीच्या जंगलाची त्याच्याइतकी माहिती दुसऱ्या कुणाला नव्हती, आणि अस्वलांचा शिकारी म्हणून त्याचा लौकिक दूरवर पसरला होता. १४ नोव्हेंबरला त्याच्या कुत्र्यांनी एक अस्वल दमवून पाण्यापर्यंत आणले. अध्यक्ष तेव्हा जेवणासाठी तळावर परतले होते. अस्वलाने एका कुत्र्याला मारले. अध्यक्षांसाठी अस्वल जिवंत ठेवायचे होते, म्हणून कॉलियरने बंदुकीच्या दस्त्याने त्याच्या डोक्यात घाव घातला, दोराचा फास टाकला आणि त्याला झाडाला बांधले. रूझवेल्ट आले. बांधलेल्या, घायाळ जनावरावर गोळी झाडणे त्यांना खिलाडूपणाचे वाटले नाही. त्यांनी नकार दिला, आणि अस्वलाचे हाल संपवायला सांगितले. ते सुरीने मारले गेले.

१६ नोव्हेंबरच्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये क्लिफर्ड बेरीमन यांचे व्यंगचित्र आले. त्यात नकार होता, सुरी नव्हती. बेरीमन पुढे अनेक वर्षे हे अस्वल आपल्या चित्रांच्या कोपऱ्यात काढत राहिले, आणि ते लहान, गुबगुबीत, गोल कानांचे होत गेले. ब्रुकलिनमधले दुकानदार मॉरिस मिचटम आणि त्यांच्या पत्नी रोझ यांनी कापडी अस्वल शिवून काचेत ठेवले. त्याच सुमारास जर्मनीतल्या गिंगेन गावी मार्गारेट श्टाइफ यांच्या कारखान्यातही हातपाय हलवता येणारे अस्वल तयार झाले. लहानपणी पोलिओ झालेल्या मार्गारेट चाकांच्या खुर्चीतून कारखाना चालवत. १८८० साली त्यांनी टाचण्या खोचण्यासाठी फेल्टचा हत्ती केला होता, आणि मुलांनी त्याचे खेळणे करून टाकले होते. त्यांचा पुतण्या रिचर्ड प्राणिसंग्रहालयात बसून अस्वलांची रेखाटने करी. त्यांतून हे अस्वल घडले. १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकी व्यापाऱ्याने त्यातले तीन हजार नग मागवले. १९०७ या एका वर्षात श्टाइफने पावणेदहा लाखांच्या आसपास अस्वले बनवली.

त्याच वर्षी मिशिगनमधल्या एका धर्मगुरूने या खेळण्याविरुद्ध तक्रार केली होती. मुली बाहुल्या सोडून अस्वले कुशीत घेऊ लागल्या तर त्यांच्यातले मातृत्व मरेल, असे त्याचे म्हणणे. आज त्याचे हसू येते, पण त्याने एक गोष्ट बरोबर हेरली होती: जंगली श्वापदाला लेकराच्या जागी बसवण्याचा हा प्रकार नवा होता. ज्या जनावराच्या नावाने मुलांना झोपवताना भीती घालायची, त्यालाच बिलगून आता मुले झोपू लागली.

खेळण्यामागे कोणती गोष्ट असते याला किती महत्त्व आहे, हे १९०९ साली दिसले. रूझवेल्ट पायउतार होऊन विल्यम टाफ्ट अध्यक्ष होत होते. अटलांटातल्या मेजवानीत टाफ्ट यांना पोसम हा तिथला छोटा प्राणी भाजून, रताळ्यांसह वाढण्यात आला. टेडीची जागा आता हा घेणार, अशा खात्रीने ‘बिली पोसम’ नावाची खेळणी बाजारात आली. वर्ष संपायच्या आत ती विस्मृतीत गेली. एका प्राण्याला अध्यक्षांनी अभय दिले होते, दुसऱ्याला ताटात घेतले होते. मुलांनी कोणाला निवडले ते उघड आहे. मात्र पहिल्या प्राण्यालाही अभय मिळाले नव्हते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

खुद्द रूझवेल्टना एका रंगात रंगवता येत नाही. त्यांच्या कारकिर्दीत १५० राष्ट्रीय वने, ५१ पक्षी अभयारण्ये आणि ५ राष्ट्रीय उद्याने झाली. अध्यक्षपद सोडल्यावर हेच गृहस्थ मुलगा केर्मिटला घेऊन आफ्रिकेत गेले आणि संग्रहालयासाठी हजारो प्राण्यांचे नमुने मारून, टिपून आणले. त्या काळच्या निसर्गप्रेमात बंदूक आणि जिव्हाळा एकाच खुंटीला टांगलेले असत.

ऑनवर्डच्या जंगलाचे काय झाले? झाडाला बांधलेले ते अस्वल आज ‘लुइझियाना काळे अस्वल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपजातीतले होते. त्याचे घर म्हणजे मिसिसिपी नदीच्या पुराच्या पाण्यावर पोसलेले, रुंद पानांचे दलदलीचे जंगल. कापसासाठी आणि पुढे सोयाबीनसाठी ते तोडले गेले. मूळ जंगलाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग गेला. अमेरिकेतल्या घराघरांत टेडी पोहोचत होता तेव्हा टेडीचे रक्ताचे नातलग एकेका तुकड्यात अडकून संपत होते. शेवटी १९९२ साली या उपजातीला कायद्याने ‘धोक्यात आलेली’ म्हणून संरक्षण द्यावे लागले. त्यानंतर अनेक जमीनमालकांनी सरकारी मदतीने पुरात जाणाऱ्या पडीक शेतांवर पुन्हा झाडे लावली, जंगलाचे तुकडे जोडले गेले, आणि २०१६ साली अस्वल त्या यादीतून बाहेर आले. मिसिसिपीत आज होल्ट कॉलियरच्या नावाचेही वन्यजीव आश्रयस्थान आहे. अस्वल वाचले ते शेताच्या बांधावरच्या निर्णयांमुळे.

दरवेशाचे अस्वल

मराठी मुलाने मात्र अस्वल आधी रस्त्यावर पाहिले, दुकानात नंतर. गल्लीच्या तोंडाशी डमरू वाजले की दरवेशी आल्याचे कळे. अस्वल दोन पायांवर उभे राही, सलाम करी, कुस्ती खेळे. भीती जावी म्हणून आया आपल्या मुलांना त्याच्या पाठीवर बसवत. अस्वलाचा केस ताइतात घालून मुलाच्या गळ्यात बांधला जाई. म्हणजे आपल्याकडेही अस्वल हा मुलाचा राखणदार होताच.

या राखणदाराच्या नाकातून दोरी ओवलेली असे. मादीपासून तोडलेले पिल्लू आणायचे, तापल्या सळईने त्याचे नाक टोचायचे, सुळे पाडायचे आणि दोरीच्या वेदनेवर त्याला ‘नाचायला’ शिकवायचे, अशी ती रीत होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे बेकायदा ठरवले. तरी खेळ पुढे अनेक वर्षे चालू राहिला, कारण दोरीच्या दुसऱ्या टोकाला एका कुटुंबाचे पोट बांधलेले होते. उत्तरेत ज्यांना कलंदर म्हणतात त्या समाजातल्या लोकांना दुसरा व्यवसाय, मुलांना शाळा आणि अस्वलांना निवारा, अशी तिहेरी व्यवस्था ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेने लावत नेली. आपल्या माहितीतल्या शेवटच्या नाचऱ्या अस्वलाची सुटका झाल्याचे तिने २००९ साली जाहीर केले.

आमच्या पिढीतल्या शहरी मुलांकडे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत्या. कपाटावर तपकिरी टेडी आणि खिडकीखाली काळे, धापा टाकणारे अस्वल. दोन्हींना आम्ही अस्वलच म्हणत होतो. कपाटावरच्याच्या नाकाला धागा सुटला तर आम्ही आईकडे धावत जात होतो. खिडकीखालच्याच्या नाकातली दोरी आम्हाला दिसत होती, पण खुपत नव्हती. मऊ खेळणे करुणा शिकवते, असे कुणी सरसकट म्हणाले की मला ही खिडकी आठवते. आणि दोघांपैकी एकानेही आम्हाला मेळघाट दाखवला नाही. वाळवीची वारुळे उकरणारे, मोहाच्या फुलांसाठी पहाटे उतरणारे अस्वल आम्हाला फार उशिरा, पुस्तकांतून भेटले.

एकाच संग्रहालयातले दोन पांडा

टेडीच्या घराण्याचा संबंध आणखी एका खेळण्याशी येतो. १९२९ साली रूझवेल्ट यांच्या थिओडोर आणि केर्मिट या दोन मुलांनी चीनच्या सिचुआन भागात एक महाकाय पांडा मारला आणि तो शिकागोच्या फील्ड म्युझियमला दिला. सात वर्षांनी, १९३६ मध्ये, न्यूयॉर्कची वेशभूषाकार रूथ हार्कनेस तिथेच गेली. पांडा आणण्याच्या मोहिमेवर निघालेला तिचा नवरा शांघायमध्ये वारला होता. त्याचे काम तिने पुरे करायला घेतले. तिने एक पिल्लू बाटलीने दूध पाजत, हातात घेऊन अमेरिकेत आणले. त्याचे नाव सू-लिन. शिकागोच्या प्राणिसंग्रहालयात त्याला पाहायला झुंबड उडाली, पांडाची खेळणी निघाली. सू-लिन १९३८ मध्ये मेला आणि पेंढा भरून त्याच फील्ड म्युझियममध्ये गेला. एक पांडा बंदुकीने आणला, एक मायेने. दोघांचा मुक्काम अखेर एकाच इमारतीत पडला.

पांडाच्या गोंडसपणाचा उपयोग १९६१ साली वेगळ्या कामासाठी झाला. जागतिक वन्यजीव निधी, म्हणजे ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’, स्थापन झाला आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या ची-ची या पांडाच्या प्रेरणेने त्याचे बोधचिन्ह घडले. पीटर स्कॉट प्रभृतींनी निवड करताना व्यवहारही पाहिला होता: काळा-पांढरा प्राणी छापायला स्वस्त पडतो. प्राणी प्रतीकात्मक ‘दत्तक’ घ्यायचा, देणगी द्यायची आणि घरी मऊ खेळणे मिळवायचे, ही पद्धत पुढे रुळली. इथे खेळण्याची दिशा प्रथमच उलटी फिरली. टेडीचा पैसा कारखान्यात जात होता; या खेळण्याचा काही वाटा तरी जंगलाकडे जाऊ लागला. चीनमध्ये बांबूची राने राखीव झाली, शिकारीवर बंदी कडक झाली, आणि २०१६ साली पांडाचा धोक्याचा दर्जा एका पायरीने खाली आला.

ही पद्धत उपयोगी आहे, पण ती सुंदर प्राण्यांच्याच वाट्याला येते. गिधाडाला कुशीत कोण घेणार? माळढोक दिमाखदार असला, तरी तो ज्या गवताळ माळावर जगतो तो माळ आपल्या कागदोपत्री ‘पडीक’ ठरतो.

ज्युबिली आणि जेन

१९३५ साली लंडनमध्ये एका वर्षाच्या मुलीला तिच्या वडिलांनी कापडी चिंपांझी दिला. प्राणिसंग्रहालयात त्या वर्षी जन्मलेल्या चिंपांझीच्या पिल्लाचे नाव राजाच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवावरून ‘ज्युबिली’ ठेवले होते. खेळण्याचेही तेच नाव. असले केसाळ ध्यान पाहून पोर रात्री दचकेल, अशी घरच्या स्नेह्यांना भीती होती. ती मुलगी जेन गुडाल. ज्युबिली तिने आयुष्यभर सांभाळला.

यावरून ‘खेळण्याने शास्त्रज्ञ घडवला’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. ज्युबिलीसारखी खेळणी पुष्कळ मुलांकडे होती. जेनच्या घरी एक गोष्ट वेगळी होती. कोंबडी अंडे कसे घालते ते पाहण्यासाठी ती खुराड्यात तासन्‌तास लपून बसली. घरचे शोधून हैराण झाले. ती सापडल्यावर आईने रागे न भरता तिची हकिगत ऐकून घेतली. पुढे १९६० मध्ये टांझानियातल्या गोंबेला जाताना, एकट्या तरुणीला परवानगी नाही म्हटल्यावर, हीच आई, व्हॅन, सोबत तंबूत राहायला गेली. त्याच वर्षी जेनला डेव्हिड ग्रेबिअर्ड नावाचा चिंपांझी गवताची काडी वारुळात घालून वाळवी बाहेर काढताना दिसला. हत्यार वापरणारा प्राणी फक्त माणूस, ही समजूत त्या काडीने मोडली.

२०२२ साली बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने जेन गुडालची बाहुली काढली. खाकी कपडे, गळ्यात दुर्बीण, हातात वही आणि सोबत डेव्हिड ग्रेबिअर्ड. त्याआधी, २०१९ मध्ये, ‘नॅशनल जिऑग्राफिक’बरोबर याच कंपनीने वन्यजीव संरक्षक, कीटकतज्ज्ञ, सागरी जीवशास्त्रज्ञ अशा बाहुल्या आणल्या होत्या. या बाहुल्या प्लॅस्टिकच्या, आणि त्या विकण्यामागे व्यापार आहे, हे खरेच. जेनची बाहुली समुद्रात जाऊ शकणाऱ्या प्लॅस्टिकचा पुनर्वापर करून केलेली आहे, ही तिची थोडी भरपाई.

तरी खेळण्यांच्या इतिहासात इथे एक बदल झाला आहे. टेडी आणि पांडा हे स्वतः प्राणी होते. मूल त्यांचे पालक होई. या खेळात मूल दुर्बीण घेऊन लांब बसणारी बाई होते. प्राण्याला कुशीत घेण्याऐवजी त्याच्याकडे पाहत राहायचे, वहीत लिहायचे. हे अंतर राखणे सोपे नाही. खुद्द गुडाल यांनी सुरुवातीच्या काळात चिंपांझी जवळ यावेत म्हणून केळी ठेवली, त्यावरून त्यांच्यात भांडणे वाढली आणि ती रीत आवरती घ्यावी लागली. पुढे त्यांनी विमानातून पाहिले, तेव्हा गोंबेचे छोटे उद्यान उघड्याबोडक्या डोंगरांनी वेढलेले दिसले. भोवतालच्या गावांना जगण्याचे साधन नसेल तर चिंपांझी वाचणार नाहीत, हे ओळखून १९९४ पासून शेती, पाणी, आरोग्य आणि मुलींचे शिक्षण यांवरचे काम सुरू झाले. मिसिसिपीचे जमीनमालक, कलंदरांची कुटुंबे आणि गोंबेची खेडी एकच गोष्ट सांगतात: प्राण्याच्या जागेत माणूसही राहतो. १ ऑक्टोबर २०२५ रोजी, ९१ व्या वर्षी, गुडाल गेल्या.

पुन्हा किल्ल्यापाशी

हे सारे आपल्या दारात आले आहे. जुन्नरच्या बाजूला उसाच्या फडात बिबट्यांची पिल्ले जन्मतात. तिथल्या मुलाला बिबट्या खेळणे म्हणून देण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा लागेल. त्याच्या आळीतले एखादे पोर बिबट्याने नेलेले असू शकते. या शतकाच्या आरंभी तिथे बिबटे पकडून दूर सोडण्याचा धडाका लावला होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसले, की त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. प्राणी उचलून दुसरीकडे ठेवला की प्रश्न सुटतो, ही समजूत खेळण्यांच्या कपाटातली आहे. रानात ती चालत नाही. तिथल्या मुलाला शिकवायचे ते वेगळे: संध्याकाळी एकट्याने फडाकडे जाऊ नये, पिल्लू दिसले तर हात लावू नये, त्याची आई जवळच असते.

२०२२ च्या गणनेत देशात ३,६८२ वाघांचा अंदाज निघाला, त्यांतले ४४४ महाराष्ट्रातले. ही वाढ आनंदाची आहे, आणि चंद्रपूरच्या गावांतून तिची किंमत माणसे जिवाने मोजत आहेत. या दोन्ही गोष्टी मुलाला सांगण्याइतकी खेळण्याची गोष्ट मोठी करता येईल का?

मला वाटते, येईल. त्यासाठी महागडी बाहुली लागत नाही. यंदाच्या दिवाळीत किल्ला होईल तेव्हा मुलांनी गुहा केल्यावर त्यांना दोनच गोष्टी विचाराव्यात. हा वाघ पाणी प्यायला कुठल्या वाटेने जातो? आणि त्या वाटेवर तुमच्या गवळणीचे घर आहे, तर ती काय करील? पोरे वाद घालतील. कुणी वाडी दोन बोटे सरकवेल, कुणी तळे गुहेच्या बाजूला नेईल, कुणी मध्ये अळिवाचा आणखी एक पट्टा पेरील. वाघ मात्र कुणी उचलणार नाही. त्याची जागा ठरलेली आहे.